ताफा इलेक्ट्रिक करायचाय? गाडी सगळ्यात शेवटी घ्या

गाडी रात्री कुठे उभी राहते, हा पहिला प्रश्न. मॉडेल कोणतं, रेंज किती, सबसिडी मिळते का, हे सगळं नंतर. आमचा धंदा कर्मचारी वाहतुकीचा, हिंजवडी आणि चाकणच्या कंपन्यांची माणसं नेणं-आणणं, एकूण 34 गाड्या, त्यातल्या 12 आता इलेक्ट्रिक आहेत, आणि या बारा गाड्यांनी जे शिकवलं ते शोरूममध्ये कोणीच सांगितलं नव्हतं म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. शाळेच्या व्हॅन असोत, दुधाचे टेंपो असोत, कुरिअरच्या थ्री-व्हीलर असोत, नाहीतर तुम्ही एखाद्या महापालिकेत बसचं काम बघत असाल, बराचसा हिशोब सारखाच लागतो.

तर रात्रीची जागा. आमच्याकडे वर्षानुवर्षं पद्धत अशी की शेवटचा ड्रॉप झाला की ड्रायव्हर गाडी घरी घेऊन जातो आणि पहाटे तिथूनच पिकअपला निघतो. डेड किलोमीटर, म्हणजे रिकामी गाडी पळवायचे किलोमीटर, वाचतात, ड्रायव्हरलाही बरं पडतं. डिझेल किंवा सीएनजीला हे चालतं कारण पंप वाटेत असतो. इलेक्ट्रिक गाडी ड्रायव्हरच्या घरी गेली की ती भोसरीच्या नाहीतर थेरगावच्या एखाद्या गल्लीत रस्त्याच्या कडेला उभी राहणार, आणि तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडून चार्जिंग करणं हा जिवाशी खेळ आहे, तो कोणालाही करू देऊ नका. पहिल्या दोन गाड्या घेतल्या तेव्हा मी हा विचारच केला नव्हता. ड्रायव्हर पहाटे तीनला उठून बाहेरच्या चार्जरवर जायचा, तिथे आधीच गाड्या लागलेल्या, पिकअपला उशीर झाला की कंपनीची पेनल्टी, आणि बोलणी खायची त्या ड्रायव्हरने, ज्याची काहीच चूक नव्हती.

हेच मोठ्या प्रमाणात नागपूरला होऊन गेलंय. 26 मे 2017 ला ओलाने तिथे 200 इलेक्ट्रिक गाड्यांचा प्रयोग सुरू केला, देशातला पहिलाच असा मोठा प्रयोग होता, गडकरी आणि फडणवीस दोघंही उद्घाटनाला होते. वर्षही झालं नव्हतं तोवर ड्रायव्हर गाड्या परत करायला लागले कारण चार्जिंगच्या रांगेत तास न् तास जायचे आणि तेवढ्या वेळात धंदा बुडायचा. गाड्यांचा दोष कमी होता. गाडी जिथे थांबते तिथे वीज नव्हती, मूळ दुखणं हे.

म्हणून आधी एक काम करा. पंधरा दिवस प्रत्येक गाडीची वही ठेवा, कुठून निघाली, किती किलोमीटर चालली, कुठे किती वेळ उभी राहिली. जीपीएस असेल तर रिपोर्ट काढा पण उभं राहण्याची जागा ड्रायव्हरलाच विचारा, कारण जीपीएस फक्त ठिकाण दाखवतं, तिथे प्लग लावता येईल का हे नाही दाखवत. आम्ही वही काढली तेव्हा कळलं की आमच्या गाड्या सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच नुसत्या उभ्या असतात, कंपनीच्या गेटबाहेर झाडाखाली. चार तास! हे चार तास म्हणजे आमच्यासाठी सोनं निघालं, पण ते पुढे सांगतो.

वहीवरून गाड्यांचे तीन ढीग करा. ज्यांचा रूट ठरलेला आहे, रोजचे 120 ते 180 किलोमीटर होतात आणि रात्री आपल्या यार्डात येऊ शकतात त्या पहिल्या ढिगात, सुरुवात त्यांच्यापासून. ज्यांचे किलोमीटर रोज बदलतात त्या दुसऱ्या. आणि ज्या कधी अचानक शिर्डीला जातात, कधी कोल्हापूरला, त्या तिसऱ्या ढिगात, त्यांना सध्या हात लावू नका. एसटीनेही पहिली शिवाई, म्हणजे त्यांची इलेक्ट्रिक बस, 1 जून 2022 ला पुणे-अहमदनगर मार्गावरच सोडली. 1948 ची एसटीची पहिली गाडी त्याच मार्गावर धावली होती हा मान तर आहेच, पण आमच्या धंद्याच्या नजरेने बघा, साधारण 120 किलोमीटर, दोन ठरलेली टोकं आणि ठरलेलं टाइमटेबल. सुरुवातीला असाच रूट लागतो.

रेंजचं एक सांगून टाकतो. कागदावर 300 किलोमीटर लिहिलेलं असतं ते टेस्टमधलं. एसी चालू, चार माणसं, हिंजवडीचं ट्रॅफिक, यात आमच्या सेडान 190 ते 200 देतात. त्यातही बॅटरी शून्यावर आणायची नाही, 15-20 टक्के हातात ठेवायचे, म्हणजे प्लॅनिंगला 160 धरा. आणि वर्षागणिक थोडी रेंज कमी होणार तेही आत्ताच धरा, नाहीतर तिसऱ्या वर्षी सगळं शेड्यूल मोडतं.

वीज, आणि विजेसाठी लागणारे महिने

या भागात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा.

बारा गाड्या आहेत. उत्साहात माणूस म्हणतो फास्ट चार्जर लावू, 30 किलोवॅटचे बारा. 360 किलोवॅट झाले. एवढा लोड मागायला गेलात की एचटी, म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, मीटरिंगचा क्यूबिकल, आणि दर महिन्याला डिमांड चार्ज, गाड्या चालोत न चालोत. आता हाच हिशोब दुसऱ्या बाजूने करा. रात्री एका गाडीला साधारण 20 युनिट भरायचेत, बाराच्या झाल्या 240, चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वाया जातात ते धरून मीटरवर 264. रात्री अकरा ते सकाळी सात आठ तास आहेत. 264 भागिले 8 म्हणजे 33 किलोवॅट. बस्स. गरज 33 ची आणि मागणी 360 ची, एवढा फरक निव्वळ घाईमुळे पडतो. आम्ही 50 किलोवॅट घेतले, साधे एसी चार्जर (एसी म्हणजे घरात येते तसली वीज, हळू भरणारे) लावले, आणि लोड वाटून देणारा एक कंट्रोलर बसवला, जो एकूण लोड ओलांडू देत नाही आणि पहाटे लवकर निघणाऱ्या गाडीला आधी भरतो. एकच फास्ट चार्जर ठेवलाय, अडीअडचणीला.

इथे एक फसगत होते ती टाळा. एसी चार्जरवर गाडी किती वेगाने भरते हे गाडीच्या आतल्या चार्जरवर ठरतं, भिंतीवरच्या डब्यावर नाही. गाडीच्या आत 3.3 किलोवॅटचा असेल आणि तुम्ही भिंतीवर 7.2 चा लावला तर भरणार 3.3 नेच, जास्तीचे पैसे पाण्यात. 20 युनिट भरायला अशा गाडीला साडेसहा तास लागतात. गाडीची ऑर्डर द्यायच्या आधी हा आकडा लेखी मागा. प्लग कोणता तेही बघा, चारचाकींना आता बहुतेक ठिकाणी टाइप 2 आणि डीसीला, म्हणजे फास्ट चार्जरला, सीसीएस 2 चालतं पण थ्री-व्हीलर आणि छोट्या टेंपोंचं अजून वेगवेगळं आहे, मिक्स ताफा असेल तर दोन प्रकारचे चार्जर लागतात आणि कोणत्या गाडीला कोणता हे यार्डातल्या माणसाला रात्री बारा वाजता अंधारात कळलं पाहिजे, त्यामुळे मोठ्या अक्षरात रंगवून ठेवा.

महावितरणकडे अर्ज करताना ईव्ही चार्जिंगचं वेगळं टॅरिफ आहे, कनेक्शन त्याच कॅटेगरीत मागा, आधीच्या कमर्शियल मीटरवर चार्जर जोडून टाकू नका. अर्जाआधी सेक्शन ऑफिसला जाऊन विचारा की आपल्या जवळच्या डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, किती जागा शिल्लक आहे. तिथला लाइनमन पाच मिनिटांत खरं सांगतो, कारण लोड वाढला की फ्यूज त्यालाच बदलायला यावं लागतं. डीपी भरलेला असेल तर नवीन ट्रान्सफॉर्मर, केबल, रस्ता खोदायची महापालिकेची परवानगी, आणि पावसाळ्यात खोदाई बंद असते. लाइन आणि डीपीचा खर्च आपण स्वतः करायची डीडीएफची वाट आहे, लवकर होतं पण खिशातून जातं. आमचं अर्जापासून मीटर लागेपर्यंत पाच महिने गेले आणि गाड्या मात्र दुसऱ्या महिन्यातच येऊन उभ्या राहिल्या, हप्ते सुरू. म्हणून म्हणतो गाडी शेवटी. मीटर फिरायला लागला की मगच बुकिंगचे पैसे भरा.

दर कधी स्वस्त कधी महाग असतो हे बिलावर बघा, टीओडी म्हणतात त्याला. संध्याकाळच्या पीकमध्ये महाग, दुपारी सोलरच्या वेळात स्वस्त असा सध्याचा कल आहे, पण स्लॉट आणि सवलत दर आदेशाबरोबर बदलतात म्हणून दरवर्षी नव्याने वाचा. आमचे ते दुपारचे चार तास इथे कामाला आले. एका कंपनीच्या ॲडमिनशी बोललो, त्यांच्या शेडवर सोलर आहेच, त्यांनी गेटजवळ सहा पॉइंट दिले, युनिटमागे पैसे आम्ही देतो, त्यांना त्यांच्या कार्बनच्या रिपोर्टमध्ये दाखवता येतं आणि आमच्या गाड्या दुपारी 10-12 युनिट खाऊन संध्याकाळच्या शिफ्टला ताज्या होतात. ज्यांच्यासाठी तुम्ही गाड्या चालवता त्यांच्याशी हे बोलून बघा, नुसतं विचारायला लाजू नका.

जागा भाड्याची असेल तर

पिंपरी-चिंचवडमध्ये स्वतःचं यार्ड असलेले ट्रान्सपोर्टर किती? बहुतेकांचं 11 महिन्यांच्या करारावर. त्या जागेत तुम्ही पाच-सात लाखांची केबल, पॅनेल, अर्थिंग घालणार आणि अकराव्या महिन्यात मालक म्हणणार भाडं दुप्पट करा नाहीतर जागा सोडा. केबल उपटून नेता येत नाही. किमान पाच वर्षांचा रजिस्टर्ड करार करा, त्यात वीज कनेक्शन तुमच्या नावावर घ्यायला मालकाची संमती आणि जाताना चार्जर-पॅनेल काढून न्यायचा हक्क स्पष्ट लिहून घ्या. करार नोंदवायचा खर्च जीवावर येतो हे मान्य पण तो करा.

यार्डात पाणी कुठपर्यंत चढतं ते जून-जुलैत डोळ्यांनी बघून या, नाहीतर शेजारच्या चहावाल्याला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. चार्जर त्या पातळीच्या दोन फूट वर, पक्क्या ओट्यावर. अर्थिंगचे खड्डे दर उन्हाळ्यात तपासून घ्या कारण जमीन कोरडी पडली की अर्थिंग बिघडतं आणि मग चार्जर एरर दाखवून बंद पडतो, आणि लोक गाडीला दोष देतात. गाड्या एकमेकींना चिकटवून लावू नका, दोन गाड्यांत माणूस चालेल एवढी जागा सोडा, आग लागली तर शेजारची गाडी वाचवायला निदान संधी मिळते.

पैशांचा हिशोब

आकडे मी माझ्या गाडीचे धरतो, तुम्ही तुमचे घाला. सीएनजी सेडान किलोला 25 देते, किलो 90 रुपये धरला तर किलोमीटरला 3 रुपये 60 पैसे. इलेक्ट्रिक सेडान मीटरवर मोजली तर किलोमीटरला 0.145 युनिट खाते, सगळे चार्ज धरून युनिट 10 रुपयांना पडलं तर 1 रुपया 45 पैसे. वाचले 2 रुपये 15 पैसे. आता गाडी साडेतीन लाखांनी महाग असेल तर ते भरून निघायला साधारण 1,63,000 किलोमीटर लागतात. वर्षाला 60,000 चालणाऱ्या गाडीला पावणेतीन वर्षं. वर्षाला 25,000 चालणाऱ्या गाडीला साडेसहा वर्षं. आणि हीच गाडी तुम्ही बाहेरच्या फास्ट चार्जरवर 22 रुपये युनिटने भरलीत तर किलोमीटरला 3 रुपये 19 पैसे, म्हणजे सीएनजीपेक्षा वाचले फक्त 41 पैसे, त्यात साडेतीन लाख कधीच भरून निघत नाहीत. डिझेलवाल्यांचा फायदा यापेक्षा जास्त आहे, 90 चं डिझेल आणि 18 चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला 5 रुपये जातात. म्हणून ताफ्यातल्या डिझेल गाड्या आधी बदला, सीएनजी नंतर.

आता याच हिशोबाला वॉरंटी लावून बघा. बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी येईल ते. घरच्या गाडीला 8 वर्षं आधी येतात. आपल्याला 1,60,000 आधी येतात, पावणेतीन वर्षांतच. म्हणजे जिथे वाचायला सुरुवात होते नेमकी तिथे वॉरंटी संपते, ही गोष्ट मला सही करताना कळायला हवी होती. कमर्शियल नंबरवर वॉरंटी वेगळी असते का, कॅपॅसिटी किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून देणार, रोज फास्ट चार्जिंग केलं तर वॉरंटी जाते का, वाढीव वॉरंटी किती रुपयांना, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं मेलवर घ्या. बॅटरीची केमिस्ट्री विचारा, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी जड असते पण उष्णता आणि रोजचं चार्जिंग जास्त सोसते, फ्लीटला मी तीच घेतो.

कर्जाला बँका अजून बिचकतात कारण पाच वर्षं वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीला बाजारात किती मिळेल हे कोणालाच नीट सांगता येत नाही. व्याज जास्त आणि मुदत कमी पडते. लीजचा पर्याय आहे, पण ज्याच्याकडून लीज घेताय त्याची तब्येत बघा. एप्रिल 2025 मध्ये शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचा जेनसोलवर आदेश आला आणि पाठोपाठ, जेनसोलकडून लीजवर गाड्या घेणारी दिल्ली-बंगळूरमधली ब्लूस्मार्ट टॅक्सी सेवाच थांबली, हजारो गाड्या उभ्या राहिल्या आणि हजारो ड्रायव्हर एका रात्रीत बेकार झाले. गाड्या चांगल्या होत्या, चार्जिंगही होतं, तरी झालं.

सवलतीही पदरात पाडून घ्या. ईव्हीवर जीएसटी 5 टक्के आहे, 2019 पासून. थर्ड पार्टी विम्यात 15 टक्के सूट. बॅटरीवरच्या प्रवासी-मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, केंद्राची 2018 ची अधिसूचना आहे, पण फिटनेस लागतंच आणि नंबरप्लेट हिरवी, कमर्शियलला अक्षरं पिवळी. महाराष्ट्राचं 2025 चं धोरण 2030 पर्यंत आहे, त्यात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कार आणि बसना टोल माफ आहे, ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूपासून त्याची सुरुवात झाली. मालवाहू टेंपोवाल्यांनी मात्र हे गृहीत धरू नका, त्यांना ही माफी नाही. फास्टॅगला गाडी ईव्ही म्हणून नोंदलेली आहे का ते तपासा, नाहीतर पैसे कापले जातात आणि परत मिळवायला दमछाक होते.

ड्रायव्हर

आमच्याकडे वीस वर्षं डिझेल चालवलेली माणसं आहेत. त्यांना इलेक्ट्रिक गाडीत बसवून चावी देऊन टाकणं चूक आहे. पिकअप पहिल्या इंचापासून मिळतो, क्लच-गिअर नाही, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप ब्रेक लावल्यासारखी हळू होते, आणि आवाज नसल्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला मागून गाडी आल्याचं कळत नाही. 9 डिसेंबर 2024 ला कुर्ल्यात बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसने गर्दीत माणसं आणि गाड्या चिरडल्या, कितीतरी जीव गेले, आणि त्यानंतर ड्रायव्हरला ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक बसचं पुरेसं ट्रेनिंग मिळालं होतं का हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राने विचारला. तो प्रश्न आपल्या छोट्या धंद्यालाही लागू आहे. आम्ही आता प्रत्येक नवीन ड्रायव्हरला पाच दिवस रिकामी गाडी देतो, त्यातले दोन दिवस जुन्या ईव्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसून, एक दिवस पावसात किंवा ओल्या रस्त्यावर, आणि पूर्ण पगार देऊन. जो घाबरतो त्याला जबरदस्ती करत नाही, तो डिझेलवर राहतो.

पगाराचंही बघा. आमच्याकडे चांगल्या ॲव्हरेजला डिझेल इन्सेंटिव्ह होता, इलेक्ट्रिक आल्यावर तो बंद झाला आणि माणसं नाराज झाली, बरोबरच होतं त्यांचं. मग किलोमीटरला युनिट किती खाल्ले यावर इन्सेंटिव्ह सुरू केला. त्याच गाडीत, त्याच रूटवर, दोन ड्रायव्हरमध्ये 20 टक्क्यांचा फरक दिसला, इतकं सगळं पायावर असतं. यार्डात गाडी सोडून घरी कसं जायचं हाही प्रश्न आला, त्यासाठी रात्री एक व्हॅन सगळ्यांना सोडून येते, तिचा खर्च मी इलेक्ट्रिकच्या खात्यातच धरतो, कारण तो त्याच निर्णयाचा खर्च आहे.

बस बघणाऱ्यांसाठी

बसचा आकडा मोठा झाला की प्रश्नाची जात बदलते. 12 मीटरची एसी बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट खाते, दिवसाला 200 किलोमीटर म्हणजे 250 युनिट. 50 बसचा डेपो असेल तर रात्रीत 12,500 युनिट, आणि शेवटची बस येते साडेअकराला, पहिली निघते साडेचारला, म्हणजे हातात पाच तास, लोड झाला अडीच मेगावॅट. हा एखाद्या बऱ्यापैकी कारखान्याचा लोड आहे. पुण्यात 22 केव्हीची लाइन डेपोपर्यंत आणावी लागते, आणि दुसऱ्या सबस्टेशनवरून दुसरा फीडर, म्हणजे वीज आणणारी वेगळी लाइन, मागून ठेवा, कारण एका फीडरवर सगळा डेपो असेल आणि तो रात्री दोनला गेला तर सकाळी शहर स्टॉपवर उभं राहतं. पुण्याच्या शहर बससेवेने, पीएमपीएमएलने, फेब्रुवारी 2019 मध्ये 9 मीटरच्या 25 बसने सुरुवात केली होती, भेकराईनगर आणि निगडी डेपोंतून. थोड्या बसने, छोट्या लांबीच्या बसने, मोजक्या डेपोंतून सुरू करणं, मला ते अजूनही शहाणपणाचं वाटतं.

डिझेलची बस दहा मिनिटांत भरून दिवसभर पळते, म्हणून जुनं शेड्यूल तसंच इलेक्ट्रिकला लावू नका. दुपारी प्रवासी कमी असतात तेव्हा अर्ध्या बस आळीपाळीने डेपोत किंवा टर्मिनसला चार्ज करून घेणारं ड्यूटी शेड्यूल बनवा, आणि त्यासाठी टर्मिनसवर चार्जिंगची जागा हवी, नाहीतर डेपोपर्यंतच्या डेड किलोमीटरमध्येच बॅटरी जाते. दर 100 डिझेल बसच्या जागी 100 इलेक्ट्रिक बस पुरतीलच असं नाही, आधी शेड्यूल करून बघा.

कंत्राटाचा भाग नीट वाचा. हल्ली बहुतेक बस जीसीसीवर असतात, म्हणजे बस, ड्रायव्हर, मेंटेनन्स ऑपरेटरचं आणि आपण किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा, शिवाय ठरावीक किलोमीटरची हमी. 2022 मध्ये केंद्राच्या सीईएसएलने पाच शहरांसाठी 5,450 बसचं एकत्र टेंडर काढलं तेव्हा 12 मीटरच्या बसला किलोमीटरला 43 रुपये 49 पैशांपर्यंत खाली दर आला होता, मोठ्या संख्येचा तो फायदा. पण दर कमी लावून बस वेळेवर न येणं हाही अनुभव आहे. एसटीसाठी 2023 मध्ये 5,150 इलेक्ट्रिक बसचा करार झाला, बस ठरल्याप्रमाणे आल्या नाहीत आणि मे 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी करार रद्द करायची भाषा केली. गावाकडच्या माणसाने तोवर मोडक्या लालपरीतच प्रवास केला. दुसरी बाजूही आहे, परिवहन संस्थांची बिलं थकतात म्हणून ऑपरेटर आणि बँका दोघंही घाबरतात, त्यासाठीच केंद्राने 2024 मध्ये 3,435 कोटींची पेमेंट सिक्युरिटीची योजना आणली. करारात उशिराने आलेल्या बसला दंड, उशिराने दिलेल्या बिलाला व्याज, आणि हमीचे किलोमीटर ऋतूप्रमाणे, या तिन्ही गोष्टी पाहिजेतच. आणि ट्रेनिंगचे तास करारात लिहा, कुर्ल्यानंतर तर त्यावर तडजोडच नको.

बारीकसारीक, पण रोज लागतं

घाटात जाणाऱ्या गाड्यांना वर चढून फुल्ल चार्ज करू नका. लोणावळ्यात 100 टक्के करून खंडाळा उतरायला लागलात की बॅटरीत जागाच नसते, त्यामुळे उतरताना वीज परत भरणारं ब्रेकिंग नीट चालत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. 80-85 वर सोडा, खाली येईपर्यंत चार-दोन टक्के फुकट मिळतात.

टायर लवकर जातात, गाडी जड आणि पिकअप जोरात म्हणून, दर महिन्याला हवा आणि अलाइनमेंट बघा. साधी 12 व्होल्टची बॅटरी इलेक्ट्रिक गाडीतही असते आणि ती बसली की मोठी बॅटरी 90 टक्के भरलेली असूनही गाडी उठत नाही, आमच्या रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांपैकी निम्म्या याच कारणाने, म्हणून यार्डात एक जंप स्टार्टर ठेवाच. टोइंगवाल्याला आधीच सांगून ठेवा की गाडी उचलून फ्लॅटबेडवर न्यायची, ओढत न्यायची नाही. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी चार्जला लावायची नाही, आधी सर्व्हिस सेंटरची तपासणी, मग प्लग.

चार्जरवाल्यांच्या सर्व्हिसचं फार बघा. एका पुरवठादाराने चोवीस तासांत माणूस येईल म्हणून सांगितलं होतं आणि आतल्या एका सर्किट कार्डसाठी आमचा फास्ट चार्जर एकोणीस दिवस बंद होता, त्यात दिवाळीच्या आधीचा आठवडा गेला. आता करारात बंद राहिलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे कापायचं कलम आहे आणि एसी चार्जर दोन जास्तीचे घेऊन कपाटात ठेवलेत. आमचा वायरमन अर्ध्या तासात बदलतो.

जुन्या गाड्या लगेच विकू नका. प्रत्येक पाच इलेक्ट्रिकमागे एक डिझेल किंवा सीएनजी गाडी पहिलं वर्षभर स्टँडबाय ठेवा, विमा-फिटनेस चालू ठेवून, आठवड्यातून एकदा फिरवून. ज्या महिन्यात ती एकदाही बाहेर काढावी लागली नाही, असे सलग सहा महिने झाले की मग विका. आमची पहिली स्टँडबाय गाडी चौदाव्या महिन्यात विकली, दुसरी अजून यार्डात आहे, चाकणच्या रात्रपाळीला अजून तिची गरज पडते.